सोमवारी गिअरबॉक्स उघडू नका

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका वाचकाचं पत्र आहे. २०१४ची ऑटोमॅटिक गाडी त्यांनी ओळखीतून सेकंडहँड घेतली, रनिंग ९२ हजार. मार्चमध्ये उद्यमनगरातल्या एका गॅरेजमध्ये गिअरबॉक्सचं ऑईल बदलून घेतलं आणि ९,५०० रुपये दिले. तीन आठवड्यांनी जोतिबाच्या चढाला आरपीएम नुसता चढायला लागला, गाडी काही ओढेना. गॅरेजवाला म्हणतो, बॉक्स आधीच संपला होता. दुसरा मिस्त्री म्हणतो, ऑईलच चुकीचं भरलंय, सोमवारी बॉक्स उतरवतो, १ लाख ४० हजार होतील. हे पैसे पहिल्या गॅरेजकडून मिळतील का, असं ते विचारतात. गाडी आणि गॅरेज तेवढं वेगळं, बाकी अशीच पत्रं माझ्याकडे सारखी येतात.

तुम्ही ग्राहक आहात, तक्रार कोल्हापुरातच, जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. त्यावर वेळ घालवत नाही. सोमवारचं काम आधी थांबवा. तुमचा अख्खा दावा आत्ता त्या गिअरबॉक्सच्या चेंबरमध्ये आहे. मिस्त्रीनं नट सोडून ते ऑईल डब्यात ओतलं, की तुमच्याकडे फक्त एका मिस्त्रीचं दुसऱ्या मिस्त्रीविरुद्धचं मत उरेल.

गॅरेजवाल्याचा बचाव पोकळ नाही, हे आधी समजून घ्या. वर्षानुवर्षं ऑईल न बदललेल्या बॉक्सच्या क्लच प्लेट झिजलेल्या असू शकतात, आणि मग नव्या ऑईलनंतर घसरण (इंजिन फिरतं, गाडी ओढत नाही) दिसते तेव्हा दोष ऑईल बदलणाऱ्याचा नसतोही. उलट टॉर्क कन्व्हर्टर प्रकारच्या ऑटोमॅटिक बॉक्समध्ये सीव्हीटी या दुसऱ्या प्रकारच्या बॉक्सचं ऑईल भरलं, किंवा योग्य तापमानाला लेव्हल न बघता कमी भरलं, तरी लक्षण हेच. बाहेरून बघून यातलं काय झालं ते मी सांगू शकत नाही, आयोगही नाही. सेवेतली त्रुटी सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदाराची, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये एसजीएस इंडिया विरुद्ध डॉल्फिन इंटरनॅशनल या निकालात स्पष्ट केलंय.

म्हणून ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९चं कलम ३८(२)(सी). चाचणीशिवाय मालातला दोष ठरवता येत नसेल, तर आयोग नमुना घेतो, सील करतो आणि प्रयोगशाळेकडे पाठवतो. अहवालाला ४५ दिवस. समोरचा वकील म्हणणार, हे कलम मालासाठी आहे, सेवेसाठी नाही. त्यामुळे तक्रारीत दोन्ही मांडा : ऑईल विकलं हा माल, ते भरलं ही सेवा. त्याच दिवशी कलम ३८(८)खाली अंतरिम (निकालाआधीच्या आदेशाचा) अर्ज द्या, की दोन्ही पक्षांसमोर नमुना आणि लेव्हल नोंदवून घ्यावी आणि नंतर मला दुरुस्तीची मोकळीक द्यावी. तुलनेसाठी मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचा सीलबंद डबा सोबत ठेवा. चाचणीची फी बहुधा तुम्हालाच भरायला सांगतील. तक्रारीला मात्र फी नाही, कारण दिलेला मोबदला ५ लाखांच्या आत आहे.

हा अर्ज तक्रारीसोबतच का? कायदा म्हणतो, चाचणी लागणारं प्रकरण शक्यतो ५ महिन्यांत संपवा. माझ्या कपाटात तीन-तीन वर्षं तारखा खाणाऱ्या फायली आहेत. तेवढा काळ तुमची गाडी दारात सडावी असं मला वाटत नाही.

आता थोडं रागावतो. बिलावर फक्त 'गिअर ऑईल ९,५००' लिहिलंय. कोणतं, किती लिटर, काही नाही. साडेनऊ हजार मोजताना एवढं लिहून घ्यायला दोन मिनिटं लागली असती, आणि आजचं निम्मं भांडण उरलंच नसतं. शिवाय सात महिने तुम्ही गॅरेजवाल्याचं 'दिवाळीनंतर बघू' ऐकत बसलात. तक्रारीची मुदत २ वर्षांची आहे, ती शिल्लक आहे. पण त्या ऑईलला सोमवारपर्यंतचीच मुदत होती. पत्र वेळेवर आलं म्हणून बरं.

पूर्ण १ लाख ४० हजार मिळतील असं मी म्हणणार नाही. बॉक्सचं वय धरून रक्कम कापली जाऊ शकते. जॉब कार्डवर 'मालकाच्या जबाबदारीवर' असं लिहून तुमची सही घेतली असेल तर त्याची प्रत पाठवा, ती बघितल्याशिवाय मत देत नाही. गाडी विकणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या मागे लागू नका. विक्री हा त्याचा धंदा नाही, आयोगात त्याच्याविरुद्धचा दावा बहुधा टिकणार नाही.

आज गॅरेजला स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा : सात दिवसांत येऊन गाडीची संयुक्त तपासणी करा, तोवर बॉक्स कुणीही उघडणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचे त्यांचे मेसेज पुसू नका, फोनही बदलू नका. गाडी चालवू नका. हलवायचीच झाली तर दोर बांधून ओढू नका, फ्लॅटबेडवर चढवून न्या. इंजिन बंद असताना या बॉक्सचा पंप फिरत नाही, चाकं फिरली की आतले भाग कोरडे घासतात, आणि ते नुकसान गॅरेजवाला आनंदानं तुमच्या नावावर लिहील.