इंटरनेटवरच्या सरकारी नियमांशी सामान्य माणसाला खरंच काही देणंघेणं असतं का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की आयटी नियम, डेटा कायदा, फॅक्ट चेक हे सगळे वाद दिल्ली-मुंबईच्या वकिलांचे आणि पत्रकारांचे. आमच्यासारख्या गावातल्या माणसाला फक्त रिचार्ज स्वस्त हवा असतो. रिचार्जचं बरोबर आहे. बाकीचं नाही, असं मला माझ्या काउंटरवरून दिसतं.

मी सोलापूरच्या पूर्व भागात ई-सेवा केंद्र चालवतो, कन्ना चौकातून चालत पाच मिनिटांवर. घरात तेलुगू, काउंटरवर मराठी, अक्कलकोटकडचं गिऱ्हाईक आलं की कन्नड, आणि भांडण झालं की सगळ्यांची हिंदी. वडील लूमवर होते. येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त विडी कामगार बायका. विड्या वळून वळून त्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यामुळे मशीनवर अंगठा लागत नाही. मग हात धू, पूस, दुसरं बोट लाव, तिसरं लाव. एका ई-केवायसीला वीस मिनिटं जातात आणि त्या वीस मिनिटांत माणूस सगळं बोलतो. ‘डिजिटल धोरण’ हा शब्द यांतल्या कुणी ऐकलेला नाही, पण मत प्रत्येकीचं आहे. ते असं येतं: “तो फोनमधला मेला माझ्या जावयाला फोन करायलाय, त्याला थांबव की बाबा.”

हे वाक्य खरं आहे. लॉकडाऊननंतरची गोष्ट. आमच्या गल्लीतल्या एका अक्काने एका ॲपवरून पाच हजार कर्ज घेतलं. हातात साडेतीन आले, आठव्या दिवशी पूर्ण पाच मागायला सुरुवात. तिने ॲप उघडताना जे जे विचारलं त्या सगळ्याला ‘अलाउ’ केलं होतं, म्हणजे तिच्या नातवाने केलं होतं. मग तिच्या फोनमधल्या प्रत्येकाला तिचा फोटो आणि खाली ‘चोर’ असा मेसेज गेला. जावयाला गेला, विडी कारखान्यातल्या मुकादमाला गेला. मलाही आला, कारण तिच्या फोनमध्ये मी ‘आधारवाला’ नावाने सेव्ह आहे. पोलीस ठाण्यात आम्हाला सल्ला मिळाला की सिम बदला. सिम बदललं. मुकादमाच्या डोक्यातला फोटो कसा बदलणार?

पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जांसाठी नियम काढले. कर्जाच्या ॲपला तुमची फोनबुक, कॉलची यादी, फाइली यांना हात लावता येणार नाही, असं त्यात स्पष्ट आहे. कॅमेरा, लोकेशन लागलंच तर एकदाच, तेही विचारून. अक्काने हा नियम वाचलेला नाही, वाचणारही नाही. पण आता तिची सून सरळ बँकेच्या ॲपवरून कर्जाचा अर्ज करते तेव्हा ते ॲप फोनबुक मागतच नाही. लिंकवरून उतरवलेली चोर ॲपं अजून मागतात, ती कुठल्याच नियमाला भीक घालत नाहीत. तरी माझ्याकडे रडत येणाऱ्यांची संख्या कमी झाली, हे मी छातीठोक सांगतो.

तेव्हापासून माझं एक मत बनलंय: जो नियम फोनच्या आत जाऊन बसतो तोच गल्लीपर्यंत पोचतो. ज्या नियमासाठी माणसाला अर्ज करावा लागतो तो माझ्या काउंटरपर्यंत पोचतो, तोही कधीमधी.

याचं सगळ्यात कडू उदाहरण आमच्याच जिल्ह्यातल्या माणसांचं आहे, घडलं मात्र दुसरीकडे. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय ही व्हॉट्सॲपवरची अफवा, आणि जमावाने पाच माणसं ठेचून मारली. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, भिक्षा मागत फिरणारी माणसं. बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातली. त्या अफवेचाच व्हिडिओ त्याआधी आमच्या गल्लीच्या ग्रुपवर तीनदा येऊन गेला होता आणि मीसुद्धा तो एकदा पुढे ढकलला होता. ‘खात्री करून घ्या’ असं वर लिहून ढकलला होता, म्हणून मी काही वेगळा ठरत नाही.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली, वर ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का लागू लागला. एप्रिल २०२० पासून फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. आमचे मामा रोज सकाळी चाळीस जणांना सुविचार पाठवायचे, ते या मर्यादेवर इतके चिडले की फोन खराब झालाय म्हणून माझ्याकडे घेऊन आले. मी म्हटलं, “मामा, फोन चांगलाय, तुमच्यावर बंधन आलंय.” पण मामांनी सुविचार चार जणांवर आणले, आणि त्याच ओघात त्यांच्याकडून येणाऱ्या अफवाही चारवर आल्या. त्यासाठी मामांना कुणी शहाणं करावं लागलं नाही.

राईनपाड्यानंतर मी ठामपणे म्हणायचो की मेसेज मुळात कुणी लिहिला ते सरकारला कळलंच पाहिजे. २०२१ च्या आयटी नियमांत तसं कलम आलंही, मोठ्या मेसेजिंग कंपन्यांनी पहिला पाठवणारा शोधून द्यावा असं. व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. तेव्हा मी सरकारच्या बाजूने होतो, आज नाही. कारण काय सांगू? मीच. तो व्हिडिओ मी लिहिला नव्हता, पण पुढे पाठवला होता. शोधायला निघालेला माणूस पहिल्यापर्यंत जाण्याआधी मधल्या माझ्यासारख्यांची दारं वाजवत जाणार, आणि आमच्या भागात दार वाजलं एवढंच पुरतं, पुढे निर्दोष सुटलात की नाही ते कुणी विचारत नाही. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना मुंबई बंदबद्दलच्या फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती, त्यांतल्या एकीने तर फक्त लाइक केलं होतं. आयटी कायद्याच्या ज्या ६६ अ कलमाखाली ते झालं ते सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. मधला काळ त्या मुलींना कुणी परत दिला नाही.

ग्रुप ॲडमिन लोकांची धडकी तर वेगळीच. गड्ड्याची यात्रा, जयंती, निवडणूक, काहीही जवळ आलं की आमच्या मंडळाचा ग्रुप ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील’ वर जातो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय की सदस्याने काही टाकलं म्हणून निव्वळ ॲडमिन आहे एवढ्यावर ॲडमिन दोषी ठरत नाही. हे मी ग्रुपवर टाकायला गेलो, तर ग्रुप बंद होता.

आता अर्जवाले नियम. २०२४ मध्ये शेजारच्या वाड्यातल्या कॉलेजच्या मुलीच्या नावाने कुणीतरी खोटं खातं काढलं. फोटो तिचे, खाली तेलुगूत घाणेरडं लिहिलेलं, तेही इंग्रजी अक्षरांत. तिने आणि तिच्या मैत्रिणींनी रिपोर्टचं बटण दाबलं. उत्तर आलं की यात आमच्या नियमांचं उल्लंघन दिसत नाही. बरोबरच आहे, तिकडे बसलेल्याला किंवा बसलेल्या मशीनला सोलापुरी तेलुगूतली शिवी काय कळणार? आमच्या तेलुगूत निम्मी मराठी आणि पाव कन्नड असते, ती हैदराबादवाल्यालासुद्धा कळत नाही.

मग आम्ही तक्रार अधिकाऱ्याला ईमेल केला. भारतात चालणाऱ्या प्रत्येक मोठ्या सोशल मीडिया कंपनीला असा अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचा पत्ता जाहीर करावा लागतो, हे २०२१ च्या नियमांतच आहे. खोटी ओळख घेऊन काढलेलं खातं किंवा बाईचे आक्षेपार्ह फोटो असतील तर तक्रारीनंतर २४ तासांत काढायचे, असं तेव्हा त्यात होतं. कलमाचा आकडा टाकून, शिव्यांचा इंग्रजीत अर्थ देऊन ईमेल पाठवला. तो अर्थ लिहिताना ती मुलगी माझ्यासमोर बसली होती आणि मी मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खातं गेलं.

म्हणजे नियम चालला. पण तो चालायला एक कॉम्प्युटर, एक इंग्रजी येणारा माणूस आणि कलम शोधायला एक रात्र लागली. ज्या मुलीच्या शेजारी माझं दुकान नाही तिने काय करायचं? कडक कायदा आणा म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की आहे तो कायदा आधी मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये, उर्दूत तक्रार घेऊ दे. सरकारच्या कामाबद्दलची खोटी बातमी कुठली हे सरकारच ठरवणार असा फॅक्ट चेक कक्ष काढायला निघाले होते, तो मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवला, ते बरंच झालं. त्या कक्षाने ही शिवी थोडीच वाचली असती!

पैशाच्या खेळांबद्दल मात्र माझं मत पोरांना आवडत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे. लूमवरचा पगार शनिवारी हातात आणि रविवारी रमीत, अशी दोन घरं मी जवळून बघितलीत. पोरं म्हणतात, “काय ओ दादा, आता टेलिग्रामवर लिंक येतात, काय फरक पडला?” पडला की. आधी क्रिकेटपटू टीव्हीवर येऊन खेळा म्हणत होते, आता लपून खेळावं लागतं. पगार झालेल्या माणसाला लपायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात त्याची बायको माझ्याकडे येऊन यूपीआयची मर्यादा कमी करून जाते.

सरकारच्या संचार साथी ॲपचंही असंच. हरवलेला फोन त्यावरून ब्लॉक करता येतो, आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. मी स्वतः शेकडो लोकांना ते वापरून दिलंय. पण २०२५ च्या शेवटी प्रत्येक नव्या फोनमध्ये ते आधीच घालून द्या असा आदेश निघाला तेव्हा मलाही खटकलं. ओरड झाली, आठवडाभरात सक्ती मागे घेतली गेली. चांगली वस्तू घरात आणायला कुलूप तोडायची गरज नसते.

ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३० ला फोन करा, हे एक आमच्याकडे सगळ्यांच्या लक्षात राहतं. एरवी लोक नंबर विसरतात, म्हणून मी सांगतो की इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉचं साल. सोलापूरकराला १९३० वेगळं सांगावं लागत नाही. फक्त पैसे गेल्या गेल्या लावायचा, दुसऱ्या दिवशी जावयाला विचारून नाही.

आता मूळ प्रश्नावर येतो, कारण तुमच्या ‘देणंघेणं’ या शब्दाने मला माझाच कॉम्प्युटर आठवला. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार. माणसाची माहिती कशासाठी घेतो ते त्याला कळेल असं सांगायचं, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या, म्हणजे मराठी-तेलुगूसारख्या भाषेत हवं तर तसं द्यायचं, काम झालं की माहिती पुसायची. माहिती नीट सांभाळली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत. मी वाचत होतो आणि मोठमोठ्या कंपन्यांची मजा येणार म्हणून खूश होत होतो. मग मान वळवली, तर डेस्कटॉपवर ‘नवीन फोल्डर (७)’.

त्यात नऊ वर्षांची आधार कार्डं, पासबुकं, रेशन कार्डं. कुणाच्या मुलीचा शाळेचा दाखला, कुणाचा घटस्फोटाचा कागद. पासवर्ड नाही. पोरगा त्याच कॉम्प्युटरवर गेम खेळतो, शेजारचा झेरॉक्सवाला पेनड्राइव्ह लावून जातो. अक्काच्या फोनबुकमध्ये घुसलेल्या त्या ॲपला मी चार वर्षं शिव्या घातल्या, आणि तिचं आधार, पॅन, बँक, अंगठा न लागल्याची तक्रार, सगळं माझ्याकडे उघडं पडलेलं. २५० कोटी माझ्याकडून कोण घेणार, माझ्या दुकानाचं भाडं थकलंय. पण नियम फोनच्या आत गेल्याशिवाय उपयोग नाही म्हणणारा मी, माझ्या कॉम्प्युटरच्या आत काय आहे ते बघायला मला नऊ वर्षं लागली.

एका रविवारी बसून सगळं पुसलं. चालू अर्जांची कागदपत्रं तेवढी पासवर्ड लावून वेगळी ठेवली.

सोमवारी पहिली अक्काच आली, पीएफच्या कामाला. म्हटलं, आधार दाखवा. म्हणाली, “तुझ्याकडंच हाय की.” म्हटलं, पुसलं. का पुसलं ते पाच मिनिटं समजावलं, तेलुगूत. ती ऐकून घेतली आणि म्हणाली, “मग आता मी परत घरी जाऊ? ह्या उन्हात?”