मुक्काम फुकट, पण गाडीचं काय?

तुमचं पत्र थोडक्यात असं: तुम्ही ६२, पत्नी ५९, दोघंही वर्षअखेरीस नोकरी सोडताय. ओहायोतलं घर कर्जमुक्त आहे, किंमत सुमारे ४,८०,००० डॉलर. निवृत्तीच्या खात्यांत (सगळी पारंपरिक, म्हणजे काढताना कर लागणारी) ७,२०,०००. बेत असा, की घर विकायचं, १,४०,००० डॉलरचं नवं क्लास सी मोटरहोम (ट्रक-व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेलं, चालकाच्या डोक्यावर पलंग असलेलं फिरतं घर) घ्यायचं आणि पश्चिमेकडच्या सरकारी जमिनींवर, आडवाटेला, फुकट मुक्काम करत फिरायचं. कॅम्पग्राउंडचे रात्रीचे ४५ डॉलर वाचले की वर्षाला १६,०००, म्हणजे साडेआठ वर्षांत गाडी वसूल. आणि विचारता, ‘बरोबर मांडतोय ना?’

गुणाकार बरोबर आहे, पण आज तुम्ही रात्रीचे ४५ डॉलर कुणालाच देत नाही. जो खर्च आयुष्यात नव्हता, तो वाचला म्हणून गाडी फिटत नाही. फिरायची हौस आहे म्हणून गाडी घ्या, त्यात गैर काहीच नाही. पण मग ती हौसेच्या खात्यात लिहा, बचतीच्या नको.

शिवाय फुकट म्हणजे वर्षभर फुकट नव्हे. सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे सुमारे साडेचोवीस कोटी एकर जमीन आहे, त्यातल्या बऱ्याच भागात तंबू-गाडी लावायला पैसे पडत नाहीत. पण नियम साधारण असा, की २८ दिवसांत १४ दिवस, मग तळ हलवायचा. त्याआधीच तुम्हाला पाणी हलवेल. टाकी संपते, सांडपाण्याची टाकी भरते आणि दर आठ-दहा दिवसांनी गावात यावंच लागतं. तुम्ही ६२ चे आहात, तेव्हा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असाल तर ८० डॉलरमध्ये राष्ट्रीय उद्यानांचा ज्येष्ठांसाठीचा आजन्म ‘सीनियर पास’ मिळेल. त्यावर संघराज्याच्या अनेक कॅम्पग्राउंडचं शुल्क निम्मं होतं. ॲरिझोनात क्वार्ट्झसाइटजवळ ला पोसा या ब्युरोच्या हिवाळी तळावर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल राहायचा परवाना वर्षानुवर्षं १८० डॉलरला मिळत आलाय. दिवसाला डॉलरही पडत नाही, वर पाणी आणि सांडपाणी टाकायची सोय जवळ. म्हणजे स्वस्त मुक्कामासाठी आडरस्ता धरायलाच हवा असं नाही.

आणि आडरस्त्याचं बिल मुक्कामाच्या बिलात दिसत नाही. मागच्या वसंतात मी मित्राच्या क्लास सी गाडीतून युटातल्या व्हॅली ऑफ द गॉड्सला गेलो होतो. १७ मैलांचा खडीचा रस्ता, जागा स्वर्गासारखी, मुक्काम फुकट. वाटेत रस्त्यावर पन्हळी पत्र्यासारख्या वळ्या. ताशी दहा मैलांनीसुद्धा कपाटांची दारं आपटत होती. तिसऱ्या मैलाला मिसळणाचा डबा खाली आला, हळद पार गालिच्याच्या मुळाशी. ते पुसून निघालं (बरंचसं). पण परत आल्यावर मित्र शिडी लावून छतावर चढला, तर पुढच्या पलंगाच्या वरची सांध्याची पट्टी बोटभर सुटलेली. तिथून पाणी शिरलं की लाकूड आतून कुजतं, भिंतीला फुगे येतात, आणि दुरुस्ती हजारांत जाते. हे नुकसान बहुतेक विमा कंपन्या ‘हळूहळू झालेली झीज’ म्हणून नाकारतात. त्याच खोऱ्याच्या पश्चिमेला मोकी डगवे नावाचा घाट आहे; २८ फूट आणि १०,००० पौंडांपेक्षा मोठ्या गाड्या नेऊ नका, असं तिथे सांगतात. तुम्ही बघितलेली गाडी सामानासकट त्यात बसत नाही. अडकलात, तर रस्त्यावरच्या मदतीच्या योजनांत देखभाल नसलेल्या रस्त्यांवरून गाडी काढणं बहुतेक वेळा वगळलेलं असतं. सही करण्याआधी ती ओळ शोधा.

इंधन, टायर, साठवणीचं भाडं यावर लांबण लावत नाही. वर्षाला १०,००० मैल, गॅलनला ९ मैल, चार डॉलरचा भाव धरला तर साडेचार हजार डॉलर. टायरची नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांत रबर म्हातारं होतं, आणि ते सहा असतात. दर हिवाळ्यात दोन महिने भारतात जाणार म्हणता, तेव्हा उभ्या गाडीतली बॅटरी, नळ आणि उंदीर यांची सोय कोण बघणार?

आता मोठ्या रकमा. गाडीसाठी १,४०,००० एकदम निवृत्ती खात्यातून काढायचा विचार तुम्ही लिहिलाय. वय साडेएकोणसाठच्या पुढे असल्याने तुमच्या खात्यावर दंड नाही, पण कर आहेच. त्याच वर्षी घरखर्चही त्याच खात्यातून निघणार असेल, तर हातात १,४०,००० पडायला अंदाजे १,७०,००० काढावे लागतील, राज्याचा कर वेगळा. कर्ज काढलंत तर? २० टक्के भरून उरलेले १,१२,००० वीस वर्षांसाठी ८ टक्क्यांनी घेतले की महिन्याला सुमारे ९३७ डॉलर. पाच वर्षांनी कर्ज उरतं ९८,०००, आणि गाडी तोवर निम्म्याच्या आसपास आलेली असू शकते. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

घराच्या बाबतीत मात्र मी ठाम आहे: यंदा विकू नका. विक्रीआधीच्या पाच वर्षांत एकूण दोन वर्षं मालक म्हणून त्या घरात राहिला असाल, तर जोडप्याला ५,००,००० डॉलरपर्यंतचा नफा करमुक्त असतो. म्हणजे घर सोडल्यानंतरही तुमच्याकडे तीन वर्षं असतात. तेवढा काळ भाडेकरू ठेवा, जमलं नाही तर परत या, जमलं तर तिसरं वर्ष सरायच्या आत विका. मधल्या घसाऱ्याच्या वजावटीवर कर लागेल, तो मोठा नाही. उलट आज घर विकून, वर्षभराने गुडघे दुखायला लागल्यावर त्याच भागात परत घर घ्यायचं म्हणजे दोन्हीकडचं कमिशन आणि त्या वेळचा व्याजदर.

आरोग्य विम्याचा उल्लेख तुमच्या पत्रात एका ओळीत आहे. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, ६५ ला. तुम्हाला तीन वर्षं, पत्नीला सहा वर्षं सरकारी विमा-बाजारातली (मार्केटप्लेस) पॉलिसी घ्यावी लागेल, आणि ती राज्यापुरती असते. परराज्यात बहुधा फक्त तातडीचे उपचार. या पॉलिसीच्या हप्त्यातली सवलत उत्पन्नावर ठरते, त्यामुळे ज्या वर्षी १,७०,००० काढाल त्या वर्षी सवलत विसरा. राज्याचा आयकर नाही म्हणून पत्ता साउथ डकोटाला हलवायची कल्पना चांगली वाटते, पण आधी तिथली कुठली पॉलिसी ॲरिझोनातल्या दवाखान्यात चालते, ते विचारा. पुढे मेडिकेअर घ्याल तेव्हाही फिरत्या माणसाने मूळ मेडिकेअर घ्यावी, ठरावीक भागातल्या डॉक्टरांच्या यादीत अडकवणारी ॲडव्हांटेज योजना नको.

माझं मत: घर भाड्याने, पहिल्या वर्षी दोन-तीन महिन्यांसाठी गाडी भाड्याने. भाड्याच्या करारात कच्च्या रस्त्याला बहुधा मनाई असते, त्यामुळे पक्क्या रस्त्याच्या कॅम्पग्राउंडवरच राहा. तिथेही मजा आली, तर दुसऱ्या वर्षी पाच ते आठ वर्षं जुनी, छोटी, शक्यतो व्हॅनवरच बांधलेली क्लास बी गाडी, ७०,००० च्या आत, दोन करवर्षांत विभागून काढलेल्या पैशांतून. आडरस्त्यावर तीच जाईल. जुनी गाडी बघायला पाऊस पडून गेल्यावर जा. पलंगाच्या कोपऱ्यातली गादी उचला, खालच्या फळीवर अंगठा दाबा आणि दार बंद करून पाच मिनिटं नुसता वास घ्या. विकणाऱ्याने आत आधीच अगरबत्ती लावलेली असेल, तर दुसरी गाडी बघा.