ओळख ना पाळख, आणि थेट पंगतीला?

प्रश्न : ताई, मी मूळची जळगावची, लग्नानंतर गेली २२ वर्षं पुण्यात. मैत्रिणीने कोथरूडमधल्या कुणाच्यातरी घरी होणाऱ्या खान्देशी सपर क्लबच्या (म्हणजे पैसे घेऊन घरीच अनोळखी लोकांना जेवू घालतात, ते) २ सीट बुक केल्यात, माणशी १८०० रुपये, पैसे भरूनही झालेत. आमचे हे हसायलाच लागले, म्हणे जे घरी फुकट मिळतं ते खायला लोकांच्या दारात पैसे देऊन जायचं, तेही स्वतः खान्देशी असून! मला उत्सुकता आहे पण धाकधूकही आहे. टेबलावर १० अनोळखी माणसं, बोलायचं काय, सोबत काही न्यायचं का, आणि समजा भरीतच जमलं नसेल तर सांगायचं की गप्प गिळायचं?

उत्तर : आधी ह्यांचं बघू. घरी फुकट मिळतं म्हणजे तुम्ही ओट्याशी उभ्या राहता म्हणून मिळतं, त्यांना म्हणावं २२ वर्षांचं बिल काढू का, १८०० मध्ये नाही भागणार. आणि पैसे घेऊन घरचं जेवण वाढणं ही काही इन्स्टाग्रामने शोधलेली गोष्ट नाहीये हो. मुंबईच्या गिरणगावात गावाकडनं एकट्याने आलेले गिरणी कामगार बायकांच्या घरगुती खाणावळीतच जेवायचे, छोट्याशा खोलीत पंगती उठायच्या, आणि त्याच खाणावळवाल्या बायकांना एकत्र आणून प्रेमाताई पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. फरक एवढाच की तेव्हा माणूस पोटासाठी यायचा, आता हौसेने येतो, त्यामुळे भाव वाढलाय.

आता भरीत. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, ती मोठी हिरवी वांगी पुण्यात आणवता येतात, पण कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ फ्लॅटमध्ये कुठनं आणणार? म्हणजे वांगी गॅसवर भाजलेली असणार आणि तो धुराचा वास नसणार, हे मनात धरूनच जा. पहिल्या घासाला 'आमच्याकडे असं नसतं' हे वाक्य मात्र तोंडातनं काढू नका, कारण तुम्ही ते म्हणालात की बाकीच्या ८-९ जणांच्या ताटातली चवच जाते, त्यांनी तर आयुष्यात पहिल्यांदा खाल्लेलं असतं. त्यापेक्षा वाढणाऱ्या बाईंना विचारा, तुमचं माहेर कुठलं, यावलकडचं की धुळ्याकडचं, भरितात कांद्याची पात किती घालता, कळण्याच्या भाकरीला ज्वारी घेता की बाजरी. खरंच काही चुकलं असेल तर जेवणं उरकल्यावर बाजूला घेऊन सांगा, ज्याला शिकायचंय तो ऐकतोच. मी स्वतः ही चूक केलीय, एका वऱ्हाडी जेवणाला पाटवडी रश्श्यावर टेबलावरच मत दिलं, यजमान बाई हसल्या पण नंतर मला कुणी आग्रह केला नाही, हे मी अजून विसरलेले नाही.

तुमची खरी परीक्षा भरितापेक्षा कळण्याच्या भाकरीला. ज्वारी नि अख्खे उडीद एकत्र दळलेलं ते पीठ थापायला हाताला सवय असावी लागते, भाकरी गरम पुढ्यात आली तर समजा घर चांगलं आहे. शेवभाजी असेल तर शेव रश्श्यात शेवटी पडते, म्हणून ती आली की फोटो नंतर, आधी खा, नाहीतर लगदा. आणि खापरावरची पुरणपोळी मेनूत दिसली तर पोटात जागा ठेवा, ती उपड्या खापरावर हातानेच पसरून टाकतात, करणारी माणसं शहरात फार उरली नाहीत.

सोबत फुलं न्या किंवा गावाकडचं एखादं लोणचं, मिठाईचा बॉक्स नको, त्यांनी मेनू मोजून आखलेला असतो. बोलायचं काय याची तर काळजीच करू नका, टेबलावर जळगावचं माणूस तुम्हीच, लोक तुम्हालाच विचारतील.

प्रश्न : मी शाकाहारी, आणि ऑफिसच्या ग्रुपने मुंबईत बोहरी थाळ, म्हणजे बोहरा मुस्लीम पद्धतीचं जेवण, ठरवलाय. एकाच थाळात सगळे जेवतात म्हणे. मला कसंतरीच होतंय. जाऊ का?

उत्तर : कसंतरी एकत्र जेवण्याचं होतंय की मटणाचं, ते आधी स्वतःशी ठरवा. एकत्र जेवण्याचं असेल तर जाऊन बघाच. मोठा थाळ मध्ये, भोवती ८ जण, आधी यजमान हात धुवायला पाणी आणतात, मग चिमूटभर मीठ चाखून सुरुवात, आणि गोड आधी! गोड, तिखट, परत गोड असा क्रम चालतो, म्हणजे समोशाआधी आइस्क्रीम येऊ शकतं आणि तुम्ही बावरून इकडेतिकडे बघता. दाणाही टाकायचा नाही हा त्यांचा नियम मला सगळ्यात आवडतो. मुंबईत २०१४ मध्ये मुनाफ कपाडियांनी आईच्या हातचं जेवण घरीच पैसे घेऊन वाढायला सुरुवात केली, 'द बोहरी किचन', तेव्हापासून बाहेरच्या लोकांना हा थाळ बराच माहीत झाला.

मटणाचा प्रश्न असेल तर मात्र बुकिंगच्या वेळीच विचारा. थाळ एकच असतो, शेजारच्याचा हात तिकडून इकडे येणारच, तिथे 'मला वेगळं द्या' हे ऐनवेळी म्हणणं बरं नाही, आणि तुम्हीही अर्धपोटी परत याल. शेंगदाणा, काजू, असली ॲलर्जी असेल तर तीही तेव्हाच लिहून कळवा, तोंडी नको.

प्रश्न : सपर क्लबचं बुकिंग आदल्या दिवशी रद्द केलं तर १ रुपयाही परत देणार नाही म्हणतात. ही लूट नाही का?

उत्तर : नाही. सीकेपी जेवणाचं उदाहरण घ्या, वालाचं बिरडं. वाल रात्रभर भिजवायचे, मग फडक्यात बांधून मोड काढायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा, १० जणांचे वाल सोलताना कंबर मोडते. तुम्ही 'जमत नाहीये' असा मेसेज टाकता तेव्हा तुमच्या वाटणीचे वाल सोलून झालेले असतात. हॉटेलात तुमचं टेबल दुसऱ्याला देतात, इथे कुणाला देणार? जमत नसेल तर तुमच्या जागी मित्राला पाठवा, बहुतेक जण चालवून घेतात, फक्त आधी नाव कळवा.

प्रश्न : मी २४ वर्षांची, सपर क्लबला एकटीच जायचंय. सेफ असतं का?

उत्तर : एकट्या येणाऱ्या मुली असतात बऱ्याच, पण डोळे मिटून नको. पत्ता साधारण पैसे भरल्यावरच देतात, त्यात काही काळंबेरं नाही, घर आहे शेवटी त्यांचं. तुम्ही मात्र आधी फोनवर बोला, मेसेजवर नाही. किती जण येणार, घरात कोण कोण असतं, हे बिनधास्त विचारा. आधी जाऊन आलेल्या एखाद्या बाईशी बोलता आलं तर उत्तमच. एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा नोंदणीचा, १४ अंकी नंबर मागा, जो नियमित जेवण विकतो त्याच्याकडे तो असायला हवा आणि विचारलं म्हणून त्याने रागावायचं कारण नाही. उत्तरं देताना आढेवेढे घेतले तर सोडून द्या. आणि घरी कुणाला तरी लोकेशन पाठवून ठेवा. दारात चपला काढायला लागतील, तेव्हा सोडायला सोप्या अशाच घालून जा, ती बारीक बकलवाली सँडल घरीच.