पन्नासच्या नोटेपेक्षा लहान पापलेट घेऊ नका

प्रश्न असा आहे: "नवी मुंबईत राहतो. आठवड्यातून दोनदा तरी घरात मासे लागतात. समुद्रातले मासे संपत चाललेत असं वाचून खाताना मनाला खुपतं. मासे सोडावेत का? नाहीतर कोणते घ्यावेत? घरच्यांना पापलेटच लागतं."

सोडू नका. विचार करून घेणाऱ्यांनी मासे सोडले तर बाजारात विचार न करता घेणारेच उरतील, आणि कोळणीला 'हे लहान आहे, नको' असं सांगणारं कोणी राहणार नाही. मी नेरूळला राहते, बरीच वर्षं रविवारी सकाळी दिवाळे गावच्या मासळी बाजारात जाते. त्यावरून सांगते.

'कोणता मासा' हे विचारण्याआधी 'केवढा मासा' ते बघा. काही वर्षांपूर्वी एका बाजारात मी तळहातात मावतील अशा पापलेटांचा वाटा घेतला होता. "बाय, लहान हाय पन ताजा हाय," मावशी म्हणाल्या, आणि मासे ताजेच होते, कल्ले लालभडक. घरी साफ करायला बसले तर बोट घालायला पोटात जागा नव्हती. तळल्यावर एकेकाचे जेमतेम दोन घास झाले. ज्यांनी एकदाही अंडी घातली नाहीत अशी पंधरा-वीस पिल्लं आम्ही चौघांनी एका जेवणात संपवली होती. त्यानंतर मी लहान पापलेट घेतलं नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं पापलेटला राज्य मासा म्हणून जाहीर केलं. त्याच सुमारास ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकारही ठरवून दिला. पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आहे. बाजारात मोजपट्टी घेऊन कोणी जात नाही, पण पाकिटात नोट असते: नवी निळसर पन्नासची नोट बरोबर १३५ मिलिमीटर लांब आहे. मासा तिच्यापेक्षा आखूड दिसला तर पुढे चला. हा आकडा कायद्याचा, म्हणजे अगदी खालचा. मी स्वतः वीतभर असल्याशिवाय पापलेट घेत नाही.

तुमच्या घरच्या पापलेटाचंही इथेच सांगून टाकते. माणशी एक अख्खं पापलेट ताटात हवं, ही सवय आपल्याला हॉटेलच्या थाळीनं लावली. थाळीच्या दरात बसायचं तर मासा लहानच लागतो. पूर्वी पाहुणे आले की एक मोठा सरंगा, म्हणजे मोठं पापलेटच, आणायचे आणि त्याच्या तुकड्या पाडायचे. डोकं आणि शेपूट कालवणात, मधल्या तुकड्या तळायला. चार लहानग्यांऐवजी एक मोठं घ्या. त्यानं निदान एकदा तरी अंडी घातली असण्याची शक्यता बरीच जास्त असते.

पापलेट-सुरमई-हलव्याच्या बाहेरही पडा. बांगडा, तारली, मांदेली, बोंबील हे भराभर वाढणारे, कमी आयुष्याचे मासे. त्यांची भर लवकर होते. तारलीला आपल्याकडे कोणी मान देत नाही म्हणून कितीतरी तारली फिशमीलच्या, म्हणजे माशांची भुकटी करण्याच्या, कारखान्यात जाते, आणि तेच खाद्य पुढे तळ्यातल्या कोळंबीला घालतात. ताज्या तारलीचं त्रिफळं घातलेलं तिखलं एकदा करून बघा. मात्र एक गोष्ट लपवत नाही: बोंबील, मांदेली, जवळा ज्या डोल नावाच्या पिशवीसारख्या जाळ्यात येतात त्याची शेवटाकडची आस, म्हणजे जाळ्याची भोकं, फार बारीक असते, आणि पापलेटची पिल्लंही त्यात सापडतात. म्हणजे कुठलाही मासा पूर्ण निर्दोष नाही. म्हणूनच मी एकाच जातीवर भार टाकत नाही. बाजारात गेल्यावर पापलेट आहे का असं न विचारता आज काय जास्त आलंय ते विचारते.

मोरी मात्र मी बंद केली. मोरी म्हणजे शार्कच. उशिरा वयात येतो आणि पिल्लं मोजकी देतो, त्यामुळे एकदा कमी झाला की भरून यायला फार काळ लागतो. आमच्याकडे बाळंतिणीला मोरी द्यायची पद्धत होती, तिथे आता बोंबलाचं कालवण देतो.

चिंबोरी, म्हणजे खेकडा, घेताना उलटी करून बघा. पोटावरची झडप अरुंद, टोकदार असेल तर नर, रुंद आणि गोलसर असेल तर मादी. झडपेखाली बाहेर अंड्यांचा पुंजका दिसला तर ती घेऊ नका. गाबोळीबद्दल, म्हणजे माशाच्या पोटातल्या अंड्यांबद्दल, भांडण होईल हे मला माहीत आहे, ती मलाही आवडते. माशात निघाली तर मी टाकत नाही, पण 'गाबोळीवालाच द्या' असं म्हणून जास्त पैसे देणं सोडलं आहे.

१ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना बंदी असते, कारण पुष्कळ माशांचा विणीचा काळ त्या सुमाराला येतो. त्या दिवसांत ॲपवर 'ताजी सुरमई' दिसली तर ती कुठून आली ते विचारा. बिनयंत्राच्या होड्यांना बंदी नसते, त्यामुळे थोडंफार जवळचं ताजं मिळतं. बाकी आपल्या आज्यांनी सोडे, सुकट, सुके बोंबील याच दिवसांसाठी मे महिन्यात डब्यात भरून ठेवले होते. नारळी पौर्णिमेपर्यंत तेवढ्यावर घर चालायचं.

तळ्यातल्या माशांचं थोडक्यात: जिताडा मिळाला तर जरूर घ्या, रायगडच्या खारेपाटात लोक तो घराजवळच्या तळ्यात वाढवत आले आहेत. बासा हा गोड्या पाण्यातला शिंगाळ्याच्या गोतातला मासा. 'समुद्राचा' म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. मासा समुद्राला न ओरबाडता पकडलाय असं सांगणाऱ्या पाकिटावरच्या शिक्क्याची वाट बघू नका. केरळच्या अष्टमुडी सरोवरातल्या तिसऱ्या या शिंपल्यांना २०१४ मध्ये एमएससीचं (मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या आंतरराष्ट्रीय संस्थेचं) तसं प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं ते पहिलं. आपल्या टोपलीवर असा शिक्का नसतो, तिथे मावशींनाच विचारावं लागतं.

आणि त्या सांगतात. मासा कुठल्या बंदरातून आला, जाळ्यातला की गळाचा, हे बहुतेकींना ठाऊक असतं. सुरुवातीला माझ्या प्रश्नांनी आमच्या मावशी वैतागायच्या. आता मी टोपलीशी वाकले की त्याच लहान पापलेटं बाजूला सारून म्हणतात, "ही तुजी नाय." रविवारी साडेसातच्या आत गेलात तर बोलायला त्यांना वेळ असतो, नऊनंतर गर्दीत कोणी उत्तर देत नाही.