फक्त फोटोंवरून डब्ल्यूसीजी-१ या जुन्या विजेच्या इंजिनाचं ट्रेन सिम्युलेटरसाठी (संगणकावर गाडी चालवायच्या खेळासाठी) मॉडेल करता येईल का, की तशाच दिसणाऱ्या स्विस क्रोकोडाइल इंजिनाचंच मॉडेल रंगवून घेऊ?

फोटोंवरून करता येईल. क्रोकोडाइल मात्र रंगवू नका. "दिसायला सारखीच तर आहेत, कोणाला कळतंय" हे वाक्य आमच्या सिम्युलेटरवाल्यांच्या एका ग्रुपवर मी इतक्यांदा वाचलंय, की तुमचा प्रश्न पाहून गप्प बसवेना.

दोन्ही इंजिनांचे बाजूने काढलेले फोटो शेजारी ठेवून बघा. स्विस क्रोकोडाइलला, म्हणजे सीई ६/८ ला, दोन्ही टोकांना एकेक छोटा वाहक आस (नुसतं वजन पेलणाऱ्या चाकांचा) आहे. आपल्या खेकड्याला (डब्ल्यूसीजी-१ चं टोपणनाव) तो नाही, त्याच्या सहाही आसांना मोटारींचा जोर मिळतो. तिकडे १५ हजार व्होल्ट एसी, इकडे १५०० व्होल्ट डीसी. तिकडचा गेज, म्हणजे रुळांमधलं अंतर, १४३५ मिलिमीटर, आपला १६७६. त्यामुळे ते मॉडेल सरळ मोठं करून ब्रॉडगेजवर बसवलं, की लांबी, उंची, चाकं, सगळंच सतरा टक्क्यांच्या आसपास फुगतं. नुसतं आडवं ताणलं तर गोल हेडलाइट लंबगोल होतो. मग सारखं काय उरलं? पुढे-मागे नाक, मध्ये केबिन आणि चाकं जोडणारे रॉड, एवढंच.

ग्रुपवरच्या एका गृहस्थांनी नेमका हाच उद्योग केला, वर 'डब्ल्यूसीजी-१' नाव लावून मॉडेल वाटलंही. मी चुका दाखवल्या, तर "तुम्ही रिव्हेट मोजत बसा" असं उत्तर आलं. म्हणून मी स्वतःचं मॉडेल करायला घेतलं.

माझ्या ओळखीतले एक काका मध्य रेल्वेतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेत. असिस्टंट असताना त्यांनी खेकड्यावर काम केलंय. लॅपटॉप घेऊन गेलो आणि आधी त्या गृहस्थांचं मॉडेल दाखवलं. काकांनी चष्मा वर करून पाहिलं, पुढच्या छोट्या चाकांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही कुठून आणली रे?" त्यानंतर त्यांनी ते बघितलंच नाही.

मग माझं लावलं. ओपन रेल्स या सिम्युलेटरमध्ये अगदी चालण्याच्या वेगाने सोडायला सांगितलं आणि बराच वेळ फक्त साइड रॉडकडे, म्हणजे चाकं जोडणाऱ्या दांड्यांकडे, बघत राहिले. या इंजिनात मोटारींचा जोर गिअरमधून जॅकशाफ्टला (मधल्या आडव्या फिरत्या दांड्याला) आणि तिथून रॉडने बोगीच्या, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या सांगाड्याच्या, तिन्ही आसांना जातो. डाव्या आणि उजव्या बाजूच्या क्रँक (चाकाला रॉड जोडणारे भाग) एकमेकींशी काटकोनात असतात. म्हणजे डावीकडची पिन तळाला असेल, तेव्हा उजवीकडची आडव्या रेषेत. शिवाय दोन बोगी एकमेकींना रॉडने जोडलेल्या नाहीत, त्यामुळे पुढचे रॉड एका कोनात तर मागचे भलत्याच. जुन्या फोटोंत हे स्पष्ट दिसतं, पण बहुतेक जण एक बोगी बनवतात आणि तीच उलटून मागे चिकटवतात. मी मागच्या बोगीचा कोन मुद्दाम वेगळा ठेवला होता. काका म्हणाले, "हां, यांचं आपसांत कधी जुळायचं नाही." मग आवाजाकडे वळले. "उभा असला तरी कण्हायचा तो," म्हणाले आणि तोंडाने तो आवाज काढून दाखवला. रेकॉर्डिंग मिळत नव्हतं, तेव्हा तोच आवाज डोक्यात धरून मी उभ्या इंजिनाचा साउंड तयार केला.

आता तुमचं काम. ड्रॉइंग नसेल तर लांबून, टेलि लेन्सने, काटकोनात काढलेला फोटो शोधा. जवळून काढलेल्या फोटोत अलीकडचं नाक उगाच लांब दिसतं. चाकाचा व्यास माहीत झाला की तीच तुमची मोजपट्टी. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात 'सर लेस्ली विल्सन' हे डब्ल्यूसीजी-१ उभं आहे. जमलं तर टेप घेऊन जा आणि खालच्या भागाचे भरपूर फोटो काढा. वरची बॉडी सगळेच टिपतात. बोगी, ब्रेकचे दांडे आणि बफरच्या मागची बाजू कोणीच टिपत नाही. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्येही आधी बोगी पूर्ण करा. पॉलिगॉनची (मॉडेलचा पृष्ठभाग ज्या तुकड्यांनी बनतो त्यांच्या संख्येची) फार चिंता नको, लांबून दिसणाऱ्या आवृत्त्या वेगळ्या केल्या की निभतं.

इंजिन फाइल, म्हणजे इंजिन कसं चालावं ते ठरवणारी फाइल, दुसऱ्याची उचलू नका. त्या काळच्या आपल्या गाड्यांना व्हॅक्यूम ब्रेक होते आणि ओपन रेल्समध्ये ते नीट चालतात, तरी लोक अमेरिकन एअर ब्रेकचे आकडे डकवतात. नॉचचंही, म्हणजे जोर कमी-जास्त करायच्या टप्प्यांचंही, तेच. डीसी इंजिनात ज्या नॉचवर वीज अडवणारे रेझिस्टन्स जोडलेले असतात, ते फक्त वेग घेण्यापुरते, तिथे बराच वेळ राहिलं तर रेझिस्टन्स तापतात. क्रोकोडाइलमध्ये ट्रान्सफॉर्मर आहे, त्याचा हिशोब वेगळा. १ला ३७ चढाचा (३७ मीटरला एक मीटर) भोर घाट चढताना हा फरक मॉडेलमध्ये जाणवलाच पाहिजे, नाहीतर एवढा खटाटोप करायचाच कशाला?

आणखी एक. संग्रहालयातला रंग म्हणजे सेवेतला रंग नव्हे. तो जुन्या रंगीत फोटोंवरून ठरवा, आणि त्यातही फोटोचा रंग उडालेला असतो हे धरून चाला. मालगाडीच्या साध्या डब्यांना मात्र दुसऱ्याचं मॉडेल रंगवून घ्यायला माझी हरकत नाही. चौकट आणि मापं खरोखर तीच असावीत आणि मूळ करणाऱ्याला आधी विचारलेलं असावं. त्या गृहस्थांनी तेही केलं नव्हतं.