अपोलो ११च्या आधी सिम्युलेटरमधल्या सरावाचा खरंच काही उपयोग झाला का?

झाला, आणि चांगलाच. पण सराव फक्त आर्मस्ट्राँग-ऑल्ड्रिन यांचाच होता असं समजू नका. ह्युस्टनच्या कंट्रोल रूममधली पोरंही (हो, पोरंच) त्याच परीक्षेला बसलेली होती.

उड्डाणाला जेमतेम दोन आठवडे उरले असताना सराव घेणाऱ्यांनी मुद्दाम एक खोडी काढली. सरावात चंद्रावर उतरता उतरता यानाच्या संगणकाचा अलार्म वाजवला. गायडन्सचं, म्हणजे यानाला मार्ग दाखवणाऱ्या यंत्रणेचं, काम बघणारा स्टीव्ह बेल्स, वय २६, गोंधळला आणि त्याने उतरणं रद्द करायला लावलं. नंतर कळलं की याची गरज नव्हती, यान उतरू शकलं असतं. फ्लाइट डायरेक्टर जीन क्रँझने मग प्रत्येक अलार्मचा अर्थ शोधायला लावला. २४ वर्षांच्या जॅक गार्मनने हाताने यादीच लिहून काढली.

२० जुलै १९६९ला खरोखर उतरताना १२०२ क्रमांकाचा अलार्म वाजला. संगणकावर कामाचा ताण आला होता, पण महत्त्वाची कामं तो करत होता. गार्मनने यादी बघून सांगितलं की थांबायची गरज नाही, आणि बेल्सने 'गो', म्हणजे पुढे जायला होकार, दिला.

बाकी सगळा सराव खोलीत बसूनच झाला असंही नाही. चांद्रयानासारखं उडणारं एक वाहन होतं. जेट इंजिन त्याचं पाच-षष्ठांश वजन पेलायचं, म्हणजे चालवणाऱ्याला चंद्रावरचं गुरुत्वाकर्षण जाणवावं. मे १९६८मध्ये ते हाताबाहेर गेलं आणि आर्मस्ट्राँगला पॅराशूटने उडी घ्यावी लागली. वाहनाची राख झाली. आर्मस्ट्राँगची मात्र जीभ चावली गेली, एवढंच!