एसटी स्टँडवर हात लावला की सूर वाजेल, दिवा लागेल असं काही कसं बनवावं?

तालुक्याच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघणाऱ्यांसाठी, हात लावला की सूर निघतील आणि दिवे उजळतील असं काही कायमचं बसवायचंय, त्यासाठी सेन्सर कोणता घ्यावा, असं तुम्ही विचारलंय. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका स्टँडवर माझ्या तीन विद्यार्थ्यांनी आणि मी असं काम केलं, आणि दोन उन्हाळे, दोन पावसाळे ते सांभाळलं. त्यावरून सांगतो.

सेन्सर विकत घेण्याआधी आठ दिवस नुसतं स्टँडवर जाऊन बसा. सकाळी, भर दुपारी आणि शेवटच्या गाडीच्या वेळी. आम्ही बसलो तेव्हा कळलं की उन्हाळ्यात माणसं सावलीबरोबर सरकतात. पश्चिमेकडची बाकडी तीन वाजल्यापासून ओस पडतात, आणि आम्ही नेमकी तीच जागा धरली होती. शाळा सुटली की पासवाल्या मुली बसत नाहीत, खांबाला टेकून उभ्या राहतात. आणि सगळ्यांचा, झोपलेल्याचासुद्धा, एक कान कंट्रोलरच्या भोंग्याकडे असतो. "घाटंजी गाडी तीन नंबरला लागली" हे वाक्य ज्याच्या कानावरून गेलं, त्याचे पुढचे दोन तास गेले.

म्हणून आम्ही सगळ्यात आधी शांततेची सोय केली. कंट्रोलरच्या माइकच्या बटनापासून एक रिले (विजेवर चालणारा स्विच) ओढला. माइक सुरू झाला की आमचा आवाज त्याच क्षणी बंद, आणि घोषणा संपल्यावर चार सेकंदांनी हळूहळू परत. ही एक गोष्ट दाखवली आणि आगार व्यवस्थापकांची लेखी परवानगी मिळणं सोपं झालं. तुम्हीही परवानगीचा अर्ज याच मुद्द्यापासून सुरू करा.

डेव्हिड माइस्टर यांनी 1985 मध्ये रांगेत थांबण्याच्या मानसशास्त्रावर लिहिलं होतं. रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो, आणि किती थांबायचं ते माहीत नसलं की आणखी लांब वाटतो, असं त्यांचं म्हणणं. सूर आणि दिवे पहिल्यावर औषध आहेत, दुसऱ्यावर नाहीत. घोषणा नीट ऐकू येणं आणि वेळापत्रकाचा फळा ताजा असणं हे तुमच्या कामाचाच भाग समजा.

जगात असं काम झालेलं आहे. न्यूयॉर्कच्या 34व्या रस्त्यावरच्या मेट्रो स्टेशनात ख्रिस्तोफर जॅनी यांनी फलाटावर डोक्याच्या उंचीच्या वर हिरव्या पट्ट्या बसवल्या. सेन्सरसमोर हात धरला की सूर निघतो, आणि रुळांपलीकडच्या फलाटावरचा माणूस पलीकडच्या पट्टीवर उत्तर देऊ शकतो. मॉन्ट्रियलमध्ये 2011 साली 21 झोके लावले. प्रत्येक झोक्याला एक स्वर, पण काही सुरावटी अनेकांनी एका तालात झोका घेतला तरच उमटतात. दोन्हीकडून मी घेतलं ते एवढंच: एकट्याला लगेच काहीतरी मिळावं, आणि दोघांना त्याहून जास्त मिळावं.

आता सेन्सर. पीआयआर, म्हणजे माणसाची हालचाल टिपणारा सेन्सर, घेऊ नका. तो बाजारात सगळ्यात सहज मिळतो, फेब्रुवारीत आमच्याकडे उत्तम चालला, आणि एप्रिलच्या मध्यावर दिवसा आंधळा झाला. कारण साधं आहे. पीआयआर माणूस ओळखत नाही, हलणाऱ्या अंगाच्या आणि मागच्या भिंतीच्या उष्णतेतला फरक ओळखतो. आपल्याकडे भिंत, बाकडं, फरशी सगळंच अंगाइतकं तापलं की फरक उरतोच कुठे? रात्री मात्र कुत्रं आडवं गेलं तरी वाजायचं. शिवाय समोरून गेलं की आपोआप वाजणारी गोष्ट मला पटतच नाही. थकलेला माणूस दवाखान्यातून परतत असतो, कुणी मयतीला निघालेलं असतं. हात लावल्याशिवाय आवाज नाही, हा नियम मी आता सोडत नाही.

मग स्पर्शाचं काय? आधी आम्ही स्टीलचा पाइप लावून स्पर्श ओळखणारं सर्किट केलं. पहिल्याच दिवशी डोक्यावर बोचकं घेतलेली एक आजी पाइपापासून हातभर लांब थांबली, वायरीकडे बघितलं आणि म्हणाली, "काऊन रे बाबू, ह्याले हात लावला तं करंट लागते काय?" पाच व्होल्ट आहेत, काही होत नाही, असं मी समजावलं. तिनं हात काही लावला नाही, आणि तिचं बरोबरच होतं. ज्या गावात मोटारीच्या तारेनं माणसं गेलीत, तिथे वायर जोडलेल्या लोखंडाला कुणी हात का लावावा? वर मे महिन्यात तोच पाइप चटका देतो, हे वेगळंच.

त्यानंतर बांबू आणला. गडचिरोली-चंद्रपूरकडचा जाड बांबू, हातभर लांबीचे दहा तुकडे, आडव्या चौकटीवर बसवलेले. बांबूला बोटं लावायला कुणी घाबरत नाही. प्रत्येकाच्या पोकळीत आतून पिझो डिस्क चिकटवली, ठोका बसला की वीज तयार करणारी तीच पितळी चकती जी पाच-दहा रुपयांत मिळते. तिच्या दोन तारांमध्ये एक मेगाओहमचा रेझिस्टर आणि झेनर डायोड (व्होल्टेज ठरावीक मर्यादेवर रोखणारा भाग) टाका, पाच व्होल्टच्या बोर्डाला 5.1 व्होल्टचा. जोरात ठोका बसला की पिझो बराच व्होल्टेज फेकतो आणि बोर्डाची पिन जळते. ईएसपी32 हा प्रोग्राम भरून चालणारा छोटा बोर्ड 3.3 व्होल्टचा असल्यानं तिथे 3.3 चाच झेनर घाला.

बांबूत दोन अडचणी आल्या. एकावर ठोकलं की शेजारचा पण वाजायचा, कारण कंप चौकटीतून पळतो. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून प्रत्येक बांबूखाली दिले, तेव्हा थांबलं. दुसरी एसटीची. गाडी फलाटावर इंजिन चालू ठेवून उभी राहिली की फरशी थरथरते, आणि माणूस नसताना सूर गळू लागायचे. इंजिनचा कंप सलग असतो, बोटाचा ठोका अचानक चढतो आणि लगेच उतरतो. प्रोग्राममध्ये फक्त तो चढ पकडायचा आणि आधीच्या दोन-तीन सेकंदांच्या सरासरीपेक्षा तो किती वर गेला ते बघायचं. हे जुळवायला आम्हाला आठवडा लागला. घरी बसून ते होत नाही, स्टँडवरच बसावं लागतं.

आवाजासाठी डीएफप्लेअर मिनी (मेमरी कार्डावरच्या फाइली वाजवणारा छोटा बोर्ड) स्वस्त आहे, पण तो एका वेळी एकच फाइल वाजवतो. दुसऱ्यानं ठोका दिला की पहिल्याचा सूर तुटतो, आणि दोघांनी मिळून वाजवण्यातली सगळी मजा जाते. ईएसपी32ला आय-टू-एस (डिजिटल आवाज घेणारा) ॲम्प्लिफायर जोडून प्रोग्राममध्येच सूर मिसळा. रास्पबेरी पाय (छोटा संगणक) लावणार असाल तर आपल्याकडे लाईन दिवसातून किती वेळा जाते ते आठवा. चालू असताना वीज गेली की मेमरी कार्ड खराब होऊ शकतं. ईएसपी32 लाईन आली की पुन्हा आपला आपण सुरू होतो.

सूर कोणते? कुणीही कसंही वाजवलं तरी कानाला बोचू नये, म्हणून भूप रागाचे पाच घ्या: सा रे ग प ध. यात अर्ध्या सुराच्या अंतरावर कुणी शेजारी नाही, त्यामुळे कोणतेही दोन एकत्र आले तरी भांडत नाहीत. दुपारी बारा ते चार आम्ही मधमाद सारंग हा राग ठेवतो, सा रे म प आणि कोमल नि. सूर पाच बांबूंवर, गावातल्या भजनी मंडळाच्या पेटीवरून रेकॉर्ड केलेले, प्रत्येक जेमतेम सेकंदभर. लांब रेंगाळणारा सूर पत्र्याच्या शेडखाली घुमतो. उरलेल्या पाच बांबूंवर खंजिरी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे आपल्या भागात हा ठेका कुणाला शिकवावा लागत नाही. धोतर-दुपट्ट्यातले एक बाबाजी गाडी येईपर्यंत दोन बोटांनी तोच ठेका धरून बसले. पलीकडच्या टोकाला कॉलेजची एक मुलगी सूर ठोकत होती. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते, पण बाबाजींचा वेग तिच्याबरोबर बदलत होता.

दिव्यांचं काम तिथेच येतं. दोन टोकांना दोघं वाजवू लागले की उजेड दोन्हीकडून सरकत मधल्या बांबूवर भेटतो. एकटा वाजवत असेल तर उजेड मध्यापर्यंत येऊन परत फिरतो. एवढंच ठेवा. भर दुपारी दिवे दिसतच नाहीत, म्हणून आमचे सूर्यास्तानंतरच लागतात. डब्ल्यूएस2812 या एलईडी पट्टीत प्रत्येक दिवा पूर्ण पांढरा असताना 60 मिलीॲम्पिअरपर्यंत घेतो. म्हणजे 150 दिव्यांना नऊ ॲम्पिअर. पाव उजेडावर चालवा, डोळ्यालाही बरं आणि ॲडॉप्टरही तापत नाही. रंग पिवळसर ठेवा. पावसाळ्यात निळ्या-पांढऱ्या उजेडावर किड्यांचा थर बसतो, पिवळ्यावर कमी येतात. आणि उघडझाप सेकंदाला तीनपेक्षा जास्त कधीच नको, फेफरं येणाऱ्याला त्यानं झटका येऊ शकतो.

आवाजाची पातळी ठरवताना मोठा स्पीकर एक लावू नका, छोटे चार लावा, वाजवणाऱ्याच्या हाताजवळ. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो, तेव्हा जवळचा लहान स्पीकर वाजवणाऱ्याला पुरतो आणि लांब झोपलेल्याला त्रास देत नाही. तुमच्या स्टँडपासून 100 मीटरच्या आत शाळा, दवाखाना किंवा कोर्ट असेल तर जागा शांतता क्षेत्रात येऊ शकते. 2000 सालच्या ध्वनी नियमांप्रमाणे तिथे दिवसा 50 आणि रात्री 40 डेसिबल मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा आम्ही आवाज पूर्ण बंद ठेवतो, दिवे फक्त राहतात.

राहिली देखभाल. आमच्या चौकटीची किल्ली स्टँडबाहेरच्या पानठेलावाल्या दादांकडे आहे. त्यांच्या डब्यात पाच जास्तीच्या डिस्क, फेविक्विक आणि पेचकस असतो. पहिल्या वेळी मी समोर बसून बदलून दाखवली, दुसऱ्या वेळी त्यांनी फोनवर विचारत बदलली, आता बदलून झाल्यावर सांगतात.

तुमच्या स्टँडची शेड पत्र्याची आहे की स्लॅबची, आणि भोंगा कोणत्या खांबावर आहे, ते खाली लिहा. स्पीकर कुठे लावायचे ते त्यावरून सांगता येईल.